मास्टर विठ्ठल यांची उडी

माझे आजोबा मुंबईला गिरणीत होते. मुळशीचे धरण झाले आणि आमच्या खोऱ्यातली भातखाचरे पाण्याखाली गेली, तेव्हा जी तरुण पोरे मुंबईच्या वाटेला लागली त्यांत तेही होते. म्हातारपणी ताम्हिणीला परत आल्यावर ते मुंबईविषयी फारसे बोलत नसत. पण श्रावणाआधीची झड लागून आठ-आठ दिवस घराबाहेर पडता येईना झाले, की एक गोष्ट हमखास निघे आणि ती इठ्ठल मास्तरची. घोडा भरधाव आहे, मागे शिपाई लागले आहेत, इठ्ठल मास्तर खोगिरावर उभा राहतो आणि वाड्याच्या सज्जाला हात घालून वर जातो. घोडा तसाच पुढे निघून जातो. चित्रपटाचे नाव आजोबांना आठवत नसे. नायिका कोण, दुष्ट प्रधान कोण, शेवटी काय झाले, हेही नाही. उडी मात्र दर वेळी तीच असे, आणि सांगताना त्यांचा उजवा हात दर वेळी त्याच उंचीवर जाई.

पुढे मी चित्रपटांच्या इतिहासाच्या नादी लागलो. या विषयातली कुठलीच पदवी माझ्याकडे नाही. एसटीने पौडमार्गे पुण्याला यायचे, लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात दिवसभर बसायचे, रद्दीवाल्यांकडून जुनी मासिके उचलायची, एवढीच माझी शाळा. या शाळेत मास्टर विठ्ठल पहिल्यांदा पुस्तकात भेटले तेव्हा मी गोंधळलो. आजोबांचा इठ्ठल मास्तर तिथे नव्हताच. तिथे होता 'आलम आरा'चा नायक, ज्याला बोलता येत नव्हते. भारतातल्या पहिल्या बोलपटाला नेमका मुका नायक मिळाला, ही गंमत आपल्याकडे इतक्या जणांनी सांगितली आहे की ती आता इतिहासच होऊन बसली आहे. मराठी माणूस, हिंदुस्तानी उच्चार जमेनात, म्हणून त्याला बराच वेळ गुंगीत ठेवले. एवढे सांगून लेखक जुबेदा आणि पृथ्वीराज कपूर यांच्याकडे वळतो.

ज्या नटाने मूकपटाच्या काळात देहाने प्रेक्षक जमवला, त्याचे मोजमाप आपण त्याने न बोललेल्या वाक्यांवरून करत आलो आहोत. गवयाची परीक्षा त्याच्या हस्ताक्षरावरून घ्यावी तसे हे झाले. कसरतीच्या नटाकडे नट म्हणून बघायची भाषाच मराठी चित्रपटसमीक्षेने तयार केली नाही आणि त्याची किंमत विठ्ठल यांच्या पश्चात आणखी काही जणांनी मोजली, असे माझे मत आहे. ते मांडण्यासाठी मला थोडे अमेरिकेत जाऊन यावे लागेल. पण आधी कोल्हापूर.

विठ्ठल लहानपणी राजापूरकर नाटक मंडळीत होते. तिथून ते बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आले. पडद्यावर ते पहिल्यांदा दिसले १९२४ च्या 'कल्याण खजिना'त, आणि तेही नर्तकीच्या वेषात. पुढे 'हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स' म्हणवला गेलेला हा गडी पडद्यावर आला तो लुगडे नेसून. ही माहिती गमतीची म्हणून पुस्तकांत येते, पण मला ती कळीची वाटते. नाटक कंपनीतल्या पोराला स्त्रीवेषात चालणे, वळणे, तोल न सोडता थांबणे यांची तालीम रोज करावी लागे. उडी मारणे एक वेळ कुणालाही जमेल. उडीनंतर कुठे आणि कसे थांबायचे हे नाचणाऱ्यालाच कळते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. कोल्हापुरात विठ्ठल यांनी संकलनाचेही काम केले. त्या काळी संकलन म्हणजे फिल्म उजेडासमोर धरायची, कात्रीने कापायची आणि डिंकासारख्या द्रवाने जोडायची. ज्याने ही कात्री चालवली आहे त्याला एक गोष्ट पक्की कळलेली असते: पडद्यावरची उडी एक असते, मारलेल्या उड्या दोन किंवा तीन असतात. घोड्यावरून निघणे वेगळे, सज्जावर पोचणे वेगळे, आणि मधला तो क्षण, जेव्हा माणूस कशावरच नसतो, तो दाखवायचा की कापायचा हा निर्णय वेगळा. धाडस अनेकांकडे होते. आपल्या देहाची हालचाल कुठे कापली जाणार हे आधीच माहीत असलेला नट त्या काळात विरळा.

१९२५ साली नानुभाई देसाई आणि भोगीलाल दवे यांनी मुंबईत शारदा फिल्म कंपनी काढली. पौराणिक पटांचा तो भर होता. शारदाने वेगळी वाट धरली, तलवार, घोडा, दोर, गवाक्ष यांची, आणि त्या वाटेवरचा मुख्य नट म्हणून विठ्ठल यांना घेतले. १९२६ च्या 'रतन मंजरी'पासून ते नायक झाले. तिथून 'आलम आरा'पर्यंतच्या पाच वर्षांत ते त्या धंद्यातल्या सर्वांत महागड्या नटांपैकी एक झाले. या चित्रपटांच्या कथा मी जाहिरातींतून आणि सारांशांतून वाचल्या आहेत, आणि खरे सांगायचे तर त्या एकसारख्या आहेत. गादीवरून हाकललेला राजपुत्र, कपटी सेनापती, बंदिवासातली राजकन्या. त्यांचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण कीर्तनाला बसलेला माणूस आख्यान नवे आहे म्हणून बसत नाही. शारदाच्या प्रेक्षकाला आख्यान ठाऊक होते. तो आला होता ते आज बुवा काय करतात ते बघायला.

आता या फेअरबँक्सच्या उपाधीविषयी. १९२० चा 'मार्क ऑफ झोरो' आणि १९२४ चा 'थीफ ऑफ बगदाद' यांनी फेअरबँक्सला इथे घरोघरी पोचवले. सरकारने १९२७ मध्ये नेमलेल्या टी. रंगाचारियार यांच्या चित्रपट चौकशी समितीसमोर ज्या साक्षी झाल्या, त्यांत 'थीफ ऑफ बगदाद'चे नाव लोकप्रिय चित्रपट म्हणून पुन्हा पुन्हा येते. तेव्हा जाहिरातदाराने विठ्ठल यांना त्याचे नाव चिकटवले तर नवल नाही. आजोबांनी सांगितलेली सज्जावरची उडी फेअरबँक्सच्या चित्रपटांतही सहज शोभली असती, आणि दोघांचे चित्रपट एकाच गिरणगावात लागत होते. म्हाताऱ्याच्या आठवणीत दोन उड्या एक झाल्या असतील, ही शक्यता मी नाकारत नाही. पण तसे झाले असले तरी त्यांनी ती कुणाच्या नावावर ठेवली, हे बघण्यासारखे आहे.

उपाधीने नुकसान झाले ते वेगळ्याच बाबतीत. फेअरबँक्स स्वतःच निर्माता होता, आपल्या स्टुडिओचा मालक होता. सज्जाची उंची त्याच्या हाताच्या मापाने बांधली जाई, आणि रिचर्ड टाल्मेजसारखा कसलेला कसरतपटू त्याच्या दिमतीला होता. विठ्ठल पगारी नट होते. दोघांना एका ओळीत बसवले की एकाच्या मागे उभी असलेली व्यवस्था दुसऱ्याच्या मागेही होती, असा भास होतो.

विठ्ठल यांची खरी तुलना करायची तर ती फेअरबँक्सशी न करता याकिमा कॅनटशी करावी. हे नाव आपल्या वाचकांना फारसे परिचित नसेल. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात १८९५ साली जन्मलेला हा माणूस मुळात रोडिओतला, म्हणजे उधळत्या घोड्यावर बसून दाखवण्याच्या स्पर्धांतला विजेता. घोडा, बंदूक आणि माळरान यांच्या ज्या चित्रपटांना अमेरिकन लोक वेस्टर्न म्हणतात, त्यांच्या मूक काळात तो नायक होता. १९२६ च्या 'डेव्हिल हॉर्स'मध्ये त्याचे आणि रेक्स नावाच्या घोड्याचे काम आहे. म्हणजे 'रतन मंजरी' आणि 'डेव्हिल हॉर्स' एकाच सालचे. मुंबईत एक मराठी नट आणि अमेरिकेत एक घोडेस्वार एकाच वर्षी एकच काम करत होते: बोलण्याविना, तोंडापेक्षा पाठीने आणि पायांनी गोष्ट सांगत होते.

मग बोलपट आला. कॅनटला पूर्वी नौदलात असताना इन्फ्लुएंझा झाला होता आणि त्यात त्याचा आवाज बिघडला होता. बोलपटात तो नायक होऊ शकला नाही. एका बाजूला आवाज नसलेला घोडेस्वार, दुसऱ्या बाजूला हिंदुस्तानी उच्चार न जमणारा मराठी नट. इथपर्यंत दोघांची गोष्ट एक आहे. पुढे ती फुटते.

कॅनटने नायकपद सोडले आणि दुसऱ्या नायकांच्या अंगातला देह झाला. जॉन वेन घोड्यावर बसून बोले, आणि घोडा धावू लागला की खोगिरावर बसलेला माणूस कॅनट असे. जॉन फोर्डच्या १९३९ च्या 'स्टेजकोच'मधला त्याचा प्रसंग आज कुणालाही बघता येतो. अपाची योद्ध्याच्या वेषातला कॅनट धावत्या घोडागाडीच्या अगदी पुढच्या जोडीवर उडी मारतो. गोळी लागते. तो दोन घोड्यांच्या मधे खाली घसरतो, जमिनीवर फरफटत लोंबकळतो, मग हात सोडतो. सहा घोडे आणि त्यांच्या मागची गाडी त्याच्या अंगावरून निघून जाते. मी हा प्रसंग किती वेळा थांबवून बघितला त्याला हिशेब नाही. दर वेळी लक्षात येते की यातले धाडस सर्वांत शेवटची गोष्ट आहे. त्याआधी मोजमाप आहे. घोड्यांच्या दोन रांगांत किती अंतर ठेवायचे, चाकांमधून अंग कसे जाईल, हात कुठल्या क्षणी सोडायचा. आपल्याकडे बैल झुपताना जुवाची लांबी बघणाऱ्या शेतकऱ्याला हे मी सांगितले तर त्याला लगेच समजेल. समीक्षकाला समजावे लागते.

कॅनट संत नव्हता. घोड्याच्या पुढच्या पायांना तार बांधून त्याला धावता धावता पाडण्याची जी क्रूर रीत तेव्हा होती, ती त्यानेही वापरली. १९३६ च्या 'चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड'मध्ये आणि १९३९ च्या 'जेसी जेम्स'मध्ये घोडे मेले, बोंब झाली, आणि मग चित्रीकरणावर प्राणिरक्षकांची देखरेख आली. पण माणसाच्या बाबतीत मात्र त्याने एक काम असे केले की ज्याचे महत्त्व मला आपल्याकडच्या एका अपघाताविषयी वाचेपर्यंत कळले नव्हते. तोवर मारामारीत नट एकमेकांना खरोखर मारत, फार तर खांद्यावर मारत. कॅनट आणि वेन यांनी ठोसा गालाजवळून नुसता निसटू द्यायचा आणि कॅमेरा अशा बाजूला ठेवायचा की तो बसल्यासारखा दिसावा, अशी पद्धत बसवली. मार खाणाऱ्याने मान कधी झटकायची याची तालीम ठरवली. ही पद्धत शिकवता येत होती, म्हणून ती टिकली. पुढे 'बेन हर'च्या रथांच्या शर्यतीचे संयोजन कॅनटकडे आले, तेव्हा चार्ल्टन हेस्टनच्या जागी रथात त्याचा मुलगा होता. १९६६ सालासाठीच्या पारितोषिकांत त्याला मानद ऑस्कर मिळाले, त्यात कसरतींबरोबर कसरत करणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी काढलेल्या साधनांचाही उल्लेख होता.

आता 'आलम आरा'. १४ मार्च १९३१, गिरगावातले मॅजेस्टिक. अर्देशीर इराणी यांनी विठ्ठल यांना नायक म्हणून घेतले तेव्हा त्यांचा शारदाशी करार होता. शारदाने कोर्टाची पायरी चढली आणि विठ्ठल यांच्या बाजूने बॅरिस्टर महंमद अली जिना उभे राहिले व जिंकले, असे सर्वच पुस्तके सांगतात. जिना नोव्हेंबर १९३० मध्ये लंडनला पहिल्या गोलमेज परिषदेत होते आणि त्यानंतर तिकडेच राहिले, तेव्हा हा दावा त्याआधीचा धरला पाहिजे. एवढी तारीखवार तपासणी तरी या गोष्टीची व्हायला हवी. पण वकील कुणी का असेना, दाव्याचा अर्थ स्पष्ट आहे. नायकाच्या नावासाठी दोन कंपन्या भांडत होत्या. ज्याला बोलता येत नाही अशा माणसासाठी बोलपटाचा निर्माता एवढा खटाटोप का करतो? कारण त्याला तिकिटे विकायची होती, आणि तिकिटे इठ्ठल मास्तरच्या नावावर जात होती.

मुका नायक हे प्रकरण मी जितके तपासतो तितके मला ते संशयास्पद वाटू लागते. 'आलम आरा' जोसेफ डेव्हिड यांच्या पारशी रंगभूमीवरच्या नाटकावरून घेतलेला. त्याची गोष्ट अशी: राजपुत्राचा जीव एका हारात आहे. सावत्र राणी तो हार पळवते. ती हार गळ्यात घालते तेव्हा राजपुत्र मेल्यासारखा पडतो, रात्री ती तो उतरवून ठेवते तेव्हा काही वेळ जिवंत होतो. म्हणजे नायकाने निश्चेष्ट पडून राहणे हे मूळ गोष्टीतच आहे! विठ्ठल यांचे उच्चार कच्चे होते हे मान्य करू. त्यांचे संवाद कमी केले असतील हेही मान्य करू. पण नायकाला गुंगीत ठेवण्याची युक्ती त्यांच्या जिभेमुळे काढली गेली, ही दंतकथा कथानक न वाचता पसरली आहे.

आणि जिभेपेक्षा मोठा अडथळा यंत्राचा होता. 'आलम आरा'चे ध्वनिमुद्रण टॅनर यंत्रावर झाले. त्यात चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर एकाच वेळी उमटे. मायक्रोफोन कुठे तरी सामानाच्या आड लपवलेला असे, आणि नटाने त्याच्या टप्प्यात राहून बोलायचे असे. स्टुडिओजवळून आगगाडी जाई म्हणून चित्रीकरण मध्यरात्रीनंतर चाले. अशा जागी घोडा आणायचा कसा? टापांचा आवाज मुद्रित होईल, सज्जाकडे झेपावणारा नट मायक्रोफोनच्या बाहेर जाईल, आणि आवाज तोडल्याशिवाय चित्र कापता येणार नाही. विठ्ठल यांची जीभ लंगडी पडली असेल, पण आधी त्यांचे पाय बांधले गेले. कोल्हापुरात शिकलेली कात्रीही निकामी झाली. या दोन्ही गोष्टींचा उल्लेख मला कुठल्याच मराठी लेखात दिसलेला नाही. उच्चारांचा मात्र सगळीकडे दिसतो.

विठ्ठल यांचे शारदातले काम आज बघायला मिळत नाही. हिंदुस्थानात तेराशेच्या वर मूकपट निघाले, त्यांतले तीसएक पूर्ण किंवा तुकड्यांत हाती आहेत. २००३ साली पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला लागलेल्या आगीत आणखी बरेच गेले. 'आलम आरा' त्या आगीत गेला असे अनेकांनी लिहिले. तो मुळात संग्रहालयात आलाच नव्हता, असे संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर सांगत. मग या प्रकारच्या कामाचा अंदाज कशावरून घ्यायचा? सुदैवाने एक चित्रपट शिल्लक आहे, आणि तो पुण्याचाच. अगरवाल फिल्म कंपनीचा १९३१ चा 'दिलेर जिगर', दिग्दर्शक गणपतराव पवार. त्यात विठ्ठल नाहीत. पण त्या घराण्याची चाल त्यात आहे: लहानपणीच राज्याला मुकलेला नायक कसरती करणाऱ्यांत वाढतो, आणि नायिका झोरोसारखा मुखवटा चढवून तलवार हाती घेते. ही नायिका म्हणजे ललिता पवार. ज्यांनी त्यांना केवळ खाष्ट सासूच्या रूपात पाहिले आहे, त्यांनी हा चित्रपट एकदा जरूर पाहावा. बाई तलवार चालवते ती मनगटाने, खांद्याने नव्हे, आणि हे शिकल्याशिवाय येत नाही.

या ललिताबाईंचेच पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे, पण आपण ते दुर्दैव म्हणून सांगतो. १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात मास्टर भगवान यांना त्यांच्या थोबाडीत मारायची होती. ती खरोखर आणि जोरात बसली. चेहऱ्याच्या एका बाजूला पक्षाघात झाला, डावा डोळा कायमचा अधू राहिला, तीन वर्षे उपचारांत गेली. नायिका संपली, मग उरली ती चरित्र अभिनेत्री. भगवान यांना खलनायक ठरवण्याचे कारण नाही. गिरणी कामगाराचा हा मुलगा स्वतः स्टंटपटांतच घडला होता आणि थप्पड मारण्याची रीत त्या धंद्यात जी होती तीच त्यांनी वापरली. माझा मुद्दा त्या रीतीचा आहे. कॅनट आणि वेन यांनी न लागणारा ठोसा तोवर बसवला होता. आपल्याकडे पंधरा-वीस वर्षे स्टंटपट निघत होते, विठ्ठल, नादिया, जॉन कावस, भगवान असे कसलेले लोक होते, पण त्यांच्याजवळचे ज्ञान धंद्याची विद्या म्हणून कुणी मांडले नाही. जे लिहिले जाते तेच शिकवता येते असे नाही, तालमीत लिहिल्यावाचूनही डाव शिकवले जातात. पण तालमीत वस्ताद असतो आणि त्याला मान असतो. स्टंटपटाला आपण पिटातल्या लोकांची करमणूक म्हणून बाजूला ठेवले, त्यामुळे वस्ताद झाले तरी वस्तादाची गादी झाली नाही.

विठ्ठल बोलपटानंतर घरी बसले नाहीत. १९३३ मध्ये त्यांनी 'आवारा शहजादा' दिग्दर्शित केला, त्यात शाहू मोडक यांची दुहेरी भूमिका आहे. एकाच चौकटीत एक नट दोनदा बसवणे हे कात्री आणि कॅमेरा ओळखणाऱ्याचेच काम. कोल्हापूरची विद्या अशी दुसऱ्या वाटेने बाहेर आली. १९३४ च्या पार्श्वनाथ आळतेकरांच्या 'छत्रपती संभाजी'त ते संभाजी झाले. मराठी बोलायचे असल्यावर त्यांची जीभ अडली नाही, हे 'मुका नायक' म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. पुढे भालजी पेंढारकरांच्या 'नेताजी पालकर'मध्ये, १९३९ साली, ते होते. म्हणजे 'स्टेजकोच'च्याच वर्षी.

हा योगायोग मला सोडवत नाही, कारण वेस्टर्नचे मराठी भावंड कुठले असेल तर ते भालजींचा ऐतिहासिक चित्रपट. घोडा, घाट, दबा धरून बसलेले मावळे, दोराने चढलेला कडा: सगळी सामग्री तीच. ताम्हिणीच्या घाटात उभे राहिले की वाटते, हा सगळा देश जणू घोडेस्वाराचा पाठलाग करण्यासाठीच उतरत गेला आहे. आमच्या विंझाईच्या देवळापुढून कोकणात जाणारी ही वाट नुसती बघितली तरी कॅमेरा कुठे ठेवायचा ते कळावे. मग मराठी ऐतिहासिक चित्रपटात पाठलाग का नाही? आहे, पण तो दोन भाषणांच्या मधला विसावा आहे. फोर्डच्या चित्रपटात घोडा धावू लागला की गोष्ट पुढे जाते. आपल्याकडे घोडा थांबला की गोष्ट पुढे जाते, कारण स्वार उतरून बोलू लागतो. भालजींचे संवाद दमदार असत यात वाद नाही. त्यांच्या मर्दानी बाण्याचा मी लहानपणापासून भक्त आहे. पण त्यांच्यापाशी शारदाचा विठ्ठल होता आणि त्यांनी त्याला बोलायला लावले, ही माझी तक्रार आहे. संभाजी किंवा नेताजी कसा दिसतो, कसा गर्जतो हे ठरले. तो घोड्यावर कसा बसतो, कसा पडतो, पडून कसा उठतो, हे ठरवायचे राहून गेले.

वाडिया बंधूंनी नादियाला घेऊन ही वाट काही काळ चालू ठेवली. १९३५ च्या 'हंटरवाली'वर अलीकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, तेव्हा इथे त्यात शिरत नाही. त्यानंतर कसरत नायकाच्या अंगातून निघून दुसऱ्याच्या अंगात गेली, हॉलिवूडसारखीच. 'शोले'त टांगा उधळतो तेव्हा आपल्याला बसंती दिसते. टांग्यावर रेश्मा पठाण असते. आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत साहसदृश्यांच्या दिग्दर्शनाला जागा मिळाली ती २०१६ च्या चित्रपटांपासून. ऑस्करने तर ती २०२७ च्या चित्रपटांपासून द्यायचे ठरवले आहे, म्हणजे तिकडेही कॅनटच्या मानद ऑस्करनंतर साठ वर्षे गेली. त्या बाबतीत अमेरिकेला फार वर चढवण्याचे कारण नाही.

विठ्ठल १९६९ साली वारले. उतारवयात त्यांनी मराठी चित्रपटांत छोटी कामे केली. वडील सांगत, पौडच्या बाजूला जत्रेत तंबूतला सिनेमा लागला होता, कुठला तरी ऐतिहासिक, आणि आजोबा बरोबर होते. दरबाराच्या प्रसंगात मागच्या रांगेत एक म्हातारा सरदार उभा होता. त्याला एकच वाक्य होते. ते बोलून तो वळला आणि दोन पायऱ्या उतरला. आजोबांनी वडिलांचा दंड धरला. वडिलांना वाटले त्यांना बरे वाटत नाही, म्हणून ते पाणी आणायला उठले, आणि परत आले तोवर दरबार संपून गाणे सुरू झाले होते.